हार्ड डिस्कचा बॅकअप आणि रिस्टोअर : कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

अक्षरजुळारी (८ नोव्हेंबर २०२५)

सांगलीत माझा डीटीपीचा लहानसा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशी कामे मी गेली एकवीस वर्षे करतो आहे. कामाचा मुख्य संगणक २०१४ साली जोडून घेतलेला आहे. त्यात १ टीबीची एकच हार्ड डिस्क असून तिचे सी आणि डी असे दोन भाग केलेले आहेत आणि दोन्ही मिळून साधारण ३१० जीबी जागा भरलेली आहे. विंडोज १० आहे. पेजमेकर ७ आणि त्याच काळातले एक मराठी फाँट पॅकेज हे माझ्या पोटापाण्याचे साधन आहे, परंतु त्या पॅकेजची सीडी आता कोणत्याही यंत्रावर वाचली जात नाही. म्हणजेच हा संगणक एकदा पुसला गेला, तर तो पूर्वीसारखा पुन्हा उभा करणे मला शक्य होणार नाही.

गेल्या आठवड्यात संगणक सुरू होताना दोनदा अडखळला आणि मला धास्ती वाटू लागली. डिस्क बंद पडली तर नव्या डिस्कवर संपूर्ण संगणक, म्हणजे विंडोज, फाँट, प्रिंटरच्या जोडण्या आणि कामाच्या फाइली, जसाच्या तसा परत आणता यावा, असे सॉफ्टवेअर मला हवे आहे. ते फुकट घ्यावे की विकत? नवीन डिस्कचा खर्च सोडून मी तीन हजारांपर्यंत खर्च करू शकतो. सध्या दर शनिवारी सी ड्राइव्हवरील महत्त्वाची फोल्डरे मी डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवतो.

मध्यरात्रीचा प्रवासी

सी आणि डी एकाच डिस्कवर असतील, तर आपण दर शनिवारी पैसे सदऱ्याच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवत आहात. सदरा मात्र एकच आहे.

सर्व्हरवाला

प्रवासी यांनी विनोदाने लिहिले असले तरी हा गैरसमज फार सार्वत्रिक आहे आणि तो आजच दूर केलेला बरा. डिस्कचे दोन भाग म्हणजे एकाच खोलीत लावलेला पडदा होय. मोटर किंवा वाचणारे डोके निकामी झाले, की दोन्ही भाग एकदमच जातात.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. बॅकअप या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामे येतात आणि सॉफ्टवेअरची निवड त्यावरच अवलंबून असते. फाइलींच्या बॅकअपमध्ये केवळ आपली कागदपत्रे सुरक्षित राहतात, विंडोज आणि प्रोग्राम नव्याने बसवावे लागतात. क्लोन म्हणजे एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर थेट नक्कल. ती लगेच जोडून वापरता येते, परंतु त्या दुसऱ्या डिस्कवर फक्त आजची एकच स्थिती राहते. इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कचा आशय एका मोठ्या फाइलीत किंवा फाइलींच्या संचात बांधून ठेवणे. अशा अनेक तारखांच्या इमेज एकाच बाहेरच्या डिस्कवर मावतात आणि हव्या त्या तारखेला परत जाता येते. आपली सीडी वाचली जात नसल्यामुळे फाइलींचा बॅकअप आपल्यासाठी अपुरा आहे. आपल्याला इमेज घेणारे सॉफ्टवेअरच हवे.

त्यातही दोन पद्धती आहेत. काही सॉफ्टवेअर विंडोज चालू असतानाच इमेज घेतात. त्यासाठी विंडोजमधील शॅडो कॉपी ही सोय वापरली जाते, जी त्या क्षणाची स्थिती गोठवून धरते आणि त्यामुळे उघड्या असलेल्या फाइलींचीही सुसंगत प्रत मिळते. व्हीम एजंटची विंडोजसाठीची मोफत आवृत्ती, मॅक्रियम रिफ्लेक्ट, ॲक्रॉनिस ट्रू इमेज हे या वर्गातले आहेत. दुसऱ्या पद्धतीत विंडोज बंद ठेवून पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा आणि निश्चल डिस्कची इमेज घ्यायची. क्लोनझिला हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव आहे. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात ते विकसित झाले असून ते पूर्णपणे मुक्त आणि विनामूल्य आहे. ते डिस्कवरील भरलेले भाग तेवढेच उचलते आणि दाबून लहान करून लिहिते, त्यामुळे आपल्या १ टीबीच्या डिस्कची इमेज ३१० जीबीपेक्षाही लहान होईल.

माझे मत विचाराल तर दर आठवड्याच्या कामासाठी व्हीमची मोफत आवृत्ती घ्यावी. ती वेळापत्रकानुसार आपोआप चालते आणि माणसाचा विसरभोळेपणा त्यातून वजा होतो.

घोस्टवाला काका

हा धागा वाचून जुने दिवस आठवले. २००३ च्या सुमारास मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात संगणक दुरुस्तीचे काम करीत असे. त्या वेळी गिऱ्हाईक संगणक घेऊन आले की आम्ही विचारायचो, ‘फॉरमॅट मारू की घोस्ट मारू?’ घोस्ट मारणे म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली इमेज डिस्कवर उतरवणे. दोन तासांचे काम वीस मिनिटांत होत असे आणि पैसे मात्र दोन तासांचे घेतले जात, हे आता इतक्या वर्षांनी कबूल करण्यास हरकत नाही.

हे घोस्ट मूळचे न्यूझीलंडचे. मरे हॅझर्ड यांनी ते १९९५ च्या सुमारास लिहिले, १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतले आणि नॉर्टन घोस्ट या नावाने घरोघरी पोहोचवले. ३० एप्रिल २०१३ रोजी त्याची विक्री बंद झाली. माझ्या कपाटात अजूनही त्या काळातल्या इमेजच्या डीव्हीडी आहेत. म्हणून नव्या मंडळींना एवढेच सांगतो की सॉफ्टवेअर निवडताना ते आज किती चांगले आहे याबरोबरच, कंपनीने उद्या ते बंद केले तर आपली इमेज कोण उघडणार, हेही विचारावे.

ताळेबंद

काकांच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती अनेक कार्यालयांत वापरली जात असे. कंपनीने ती बंद करण्याचे ठरवले आणि १ जानेवारी २०२४ नंतर तिच्यासाठी सुरक्षेच्या सुधारणाही थांबल्या. सशुल्क आवृत्ती अर्थातच चालू आहे. त्यात कंपनीची चूक आहे असे मी म्हणत नाही, परंतु फुकट मिळणाऱ्या वस्तूवर आपला हक्क नसतो, हे लक्षात ठेवून इमेज घ्यावी.

आमचा कर सल्लागाराचा व्यवसाय आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेबाच्या नोंदी जपाव्या लागतात. कंपन्यांच्या बाबतीत तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे बॅकअप हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही.

तरीही आमची फजिती झाली आणि ती सांगण्यासारखी आहे. आम्ही महिन्याच्या एक तारखेला पूर्ण इमेज आणि त्यानंतर दररोज फक्त बदललेला भाग, म्हणजे इन्क्रिमेंटल, अशी व्यवस्था ठेवली होती. जागा फार कमी लागत असे आणि आम्ही खूश होतो. एका महिन्याच्या २४ तारखेला डिस्क गेली. रिस्टोअर करायला बसलो तेव्हा कळले की ११ तारखेची फाइल खराब झालेली आहे. इन्क्रिमेंटल ही साखळी असते आणि प्रत्येक कडी आपल्या आधीच्या कडीवर लटकलेली असते, त्यामुळे १२ ते २४ पर्यंतच्या सर्व फाइली शाबूत असूनही निरुपयोगी ठरल्या. कार्यालयातील चार माणसांनी दोन आठवड्यांच्या नोंदी कागदी बिलांवरून पुन्हा भरल्या, तेही विवरणपत्राची तारीख डोक्यावर असताना. तेव्हापासून आम्ही डिफरन्शियल पद्धत वापरतो. तिच्यात रोजची फाइल थेट महिन्याच्या पूर्ण इमेजशी जोडलेली असते, जागा जास्त लागते, परंतु मधली एखादी फाइल गेली तर केवळ तो दिवस जातो.

सर्व्हरवाला

ताळेबंद यांचा अनुभव मोलाचा आहे, मात्र निष्कर्षाशी मी अंशतः असहमत आहे. डिफरन्शियलमध्येही पूर्ण इमेज खराब झाली तर सगळेच जाते. खरी उणीव पडताळणीची होती. इमेज लिहून झाल्यावर ती पुन्हा वाचून तिचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा, तपासण्याची सोय बहुतेक सर्व सॉफ्टवेअरमध्ये असते आणि वेळ वाचवण्यासाठी लोक नेमकी तीच बंद करतात.

ताळेबंद

ती आम्हीच बंद केली होती, हे मान्य करतो. रात्री साडेआठला दिवे मालवून घरी जायचे असते.

पूर्वा_क

अक्षरजुळारी काका, एवढा खटाटोप कशासाठी? सगळ्या फाइली गुगल ड्राइव्हवर ठेवाव्यात. माझे लॅपटॉपवर काहीच नसते, लॅपटॉप चोरीला गेला तरी मी दुसऱ्या दिवशी काम सुरू करू शकते.

मध्यरात्रीचा प्रवासी

पूर्वाताई, आपले काम ब्राउझरमध्ये चालते म्हणून हे शक्य आहे. काकांच्या पेजमेकरच्या फाइली जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहेत. त्या फाँटशिवाय त्या उघडल्या, तर पतसंस्थेच्या अध्यक्षांचे मनोगत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खिचडीसारखे दिसेल. काही सभासदांना ते अधिक वाचनीय वाटण्याची शक्यता आहे, तो भाग वेगळा.

सर्व्हरवाला

शिवाय सिंक, म्हणजे संगणकावरील फोल्डर आणि ऑनलाइन प्रत सतत एकसारखी ठेवणे, म्हणजे बॅकअप नव्हे. संगणकावर फाइल चुकून पुसली तर सिंक इमानदारीने ती तिकडेही पुसते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते आणि नंतर कायमची जाते. वेळेचाही हिशेब करावा. अपलोडचा वेग २० मेगाबिट असेल, तर ३१० जीबी चढवण्यास सलग ३४ तासांहून अधिक लागतात. तरीही चालू वर्षाच्या कामाची फोल्डरे घराबाहेर कुठेतरी असावीत, हा पूर्वा यांच्या सूचनेतील गाभा योग्यच आहे. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी, हा जो ३-२-१ नियम सांगितला जातो तो पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केला. संगणकतज्ज्ञाला जे सुटसुटीतपणे सांगता आले नाही, ते छायाचित्रकाराला जमले, कारण त्याला लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

पेंग्विनप्रेमी

मी क्लोनझिलाच्या बाजूने बोलू इच्छितो. त्यात कोणतेही खाते नाही, परवाना नाही, नूतनीकरण नाही. दहा वर्षांपूर्वीची इमेज आजच्या आवृत्तीने मी स्वतः रिस्टोअर केली आहे. ज्यांना त्याच्या निळ्या पडद्याची भीती वाटते त्यांच्यासाठी रेस्क्यूझिला आहे, त्यात माऊसने काम करता येते आणि क्लोनझिलाची इमेज ते उघडू शकते. काकांना महिन्यातून एकदा इमेज घ्यायची असेल तर यापेक्षा अधिक कशाचीच गरज नाही.

घोस्टवाला काका

पेंग्विनप्रेमी, क्लोनझिला उत्तम आहे, पण ते नवख्याच्या हाती देताना हात धरून द्यावे. त्यात डिस्कची नावे एसडीए, एसडीबी अशी दिसतात. माझ्या एका मित्राने कोरी डिस्क मूळ समजून निवडली आणि मूळ डिस्कवर ती कोरी डिस्क अत्यंत विश्वासूपणे क्लोन केली. सॉफ्टवेअरने दोनदा विचारले होते. त्याने दोन्ही वेळा ‘वाय’ दाबले, कारण प्रश्न इंग्रजीत होता आणि चहा आला होता.

पेंग्विनप्रेमी

म्हणूनच क्लोन न करता इमेज घ्यावी असे मी म्हणतो. इमेज घेताना मूळ डिस्क केवळ वाचली जाते. बाकी चहा आल्यावर कोणतेही सॉफ्टवेअर वापरू नये.

डेटा_रिकव्हरी_ठाणे

धागा रंगला आहे, परंतु एका महत्त्वाच्या गोष्टीकडे कोणीच लक्ष दिलेले दिसत नाही. मूळ लेखात ‘सुरू होताना दोनदा अडखळला’ असे लिहिले आहे. अक्षरजुळारी यांनी सॉफ्टवेअरची चर्चा क्षणभर बाजूला ठेवून आधी डिस्कची प्रकृती तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःबद्दल नोंदवलेली माहिती दाखवते. त्यात पिवळा किंवा लाल रंग दिसला, किंवा ‘रीॲलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेल्या) आणि ‘पेंडिंग’ (संशयास्पद) सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरील बारीक कप्प्यांचे, आकडे शून्याहून अधिक दिसले, तर वेळ न दवडता प्रत काढावी.

अशा अवस्थेत लोक सर्वप्रथम विंडोजचा चेकडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवतात आणि माझ्या मते हीच सर्वांत महागडी चूक ठरते. खिळखिळ्या डिस्कला तासन्तास राबवून तो प्रोग्राम तिच्यावर दुरुस्तीचे लेखनही करतो. आधी प्रत, मग दुरुस्ती. सेक्टर खराब असतील तर साधे इमेज सॉफ्टवेअर मध्येच थांबते. क्लोनझिलामध्ये वाचता न येणारे तुकडे सोडून पुढे जाण्याचा ‘रेस्क्यू’ पर्याय आहे. स्थिती त्याहून वाईट असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते सोपे भाग आधी उचलते, अवघड जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा येते आणि कुठवर आलो याची नोंद एका फाइलीत ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावे लागत नाही. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला असेल तर मात्र काहीही न करता ती बंद ठेवावी.

अक्षरजुळारी (९ नोव्हेंबर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ठाण्याच्या सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. पिवळा रंग आला, ‘कॉशन’ असे लिहिलेले आहे आणि रीॲलोकेटेड सेक्टरांचा आकडा शून्य नाही. पेंडिंगचा शून्य आहे. आवाज येत नाही. आज दुपारीच सांगलीच्या बाजारातून २ टीबीची बाहेरून जोडायची डिस्क आणली आहे. आता कृपया मला एकच नाव सांगावे, कारण पाच नावे वाचून माझा निर्णय होत नाही.

डेटा_रिकव्हरी_ठाणे

आज रात्री क्लोनझिला, रेस्क्यू पर्यायासह, संपूर्ण डिस्कची इमेज. पुढचे वाद उद्या.

सर्व्हरवाला

सहमत. व्हीमचा माझा आग्रह नव्या डिस्कवर स्थिरावल्यानंतरच्या नित्यक्रमासाठी होता. आजारी डिस्कवर विंडोज चालू ठेवून काम करणे योग्य नाही. एकच सूचना आहे, बाहेरची डिस्क संगणकाच्या मागच्या बाजूच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, खाचेत जोडावी. यूएसबी २ च्या खाचेतून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ एमबीच जातात.

सिंगापूरकर

थोडे विषयांतर करतो. मॅकवर टाइम मशीन २००७ पासून अंगभूत आहे आणि डिस्क जोडली की तेच विचारते, बॅकअप घेऊ का? विंडोजला इतक्या वर्षांत हे का जमले नाही?

सर्व्हरवाला

जमले होते, टिकले नाही. विंडोज ७ मधील बॅकअपची सोय आजही कंट्रोल पॅनेलमध्ये त्याच जुन्या नावाने दडलेली आहे, परंतु तिच्यातील सिस्टिम इमेजचा भाग २०१७ मध्येच मायक्रोसॉफ्टने कालबाह्य ठरवून इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला दिला. आणि टाइम मशीनचेही कौतुक बेतानेच करावे, त्याची डिस्क जोडून थेट संगणक सुरू करून कामाला लागता येत नाही, आधी रिस्टोअर करावेच लागते.

कळफलक

नवीन लॅपटॉप असणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टींची भर घालतो, अक्षरजुळारी यांना त्या लागू होण्याची शक्यता कमी आहे. पहिली बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजमधील सोयीची. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर डिस्क कारखान्यातून किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच कूटबद्ध होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अशी डिस्क क्लोनझिलाला आतून वाचता येत नाही, त्यामुळे ते रिकाम्या जागेसह प्रत्येक सेक्टर उचलते आणि ५१२ जीबीच्या डिस्कची इमेज जवळजवळ तेवढीच होते. रिस्टोअरनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली आणि ती कुठेच लिहून ठेवलेली नसली, तर बॅकअप असूनही नसल्यासारखा होतो. ती कागदावर लिहून ठेवावी. त्याच संगणकावरील नोटपॅडमध्ये लिहून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट अशी की काही लॅपटॉपमध्ये इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी व्यवस्था चालू असते आणि पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सला आतली डिस्क दिसतच नाही. माणूस घाबरून डिस्क मेली असे समजतो. म्हणून रिस्टोअरचा पेन ड्राइव्ह संकट येण्यापूर्वीच एकदा लावून, त्याला आपली डिस्क आणि बाहेरची डिस्क अशा दोन्ही दिसतात ना, हे पाहून ठेवावे. केवळ एवढ्या एका कसोटीवर माझ्या लॅपटॉपसाठी तीनपैकी दोन सॉफ्टवेअर बाद झाली.

कोकणातला_मास्तर

आमच्या शाळेत बॅकअपची डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटात, सरस्वतीच्या मूर्तीमागे ठेवली जात असे. दोन वर्षांनी गरज पडली तेव्हा उघडून पाहिले, तर ती खरोखरच देवाच्या भरवशावर होती, कारण पहिल्या दिवसानंतर तिच्यावर काहीच लिहिले गेले नव्हते. वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकांची बदली झाली होती आणि ‘डिस्क सापडत नाही’ ही सूचना रोज सकाळी येत असे, ती शिपाई बंद करत असे.

सर्व्हरवाला

मास्तर, यात शाळेला कमीपणा नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबी माहिती पुसली. त्यांच्याकडे प्रती ठेवण्याचे पाच मार्ग होते आणि त्यांपैकी एकही नीट चालत नव्हता. रोजचा बॅकअप आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे अपयशी ठरत होता आणि त्याची सूचना देणारी ईमेलही पोहोचत नव्हती. त्या अभियंत्याने काही तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत कामी आली. कंपनीने हे सर्व स्वतःच प्रसिद्ध केले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्याकडेही एक शिपाई असणार.

ताळेबंद

बाहेरची डिस्क सतत जोडून ठेवणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्याने जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद केल्या आणि विंडोजच्या शॅडो कॉपी पुसून टाकल्या. काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवावी. आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘बॅकअप’ असे लिहावे. आमच्या एका अशिलाच्या भाच्याने रिकामी दिसली म्हणून इमेजची डिस्क फॉरमॅट करून तिच्यावर दोनशे चित्रपट भरले होते.

अक्षरजुळारी (१० नोव्हेंबर)

काल रात्री इमेज झाली. प्रथम पेन ड्राइव्हवरून संगणक सुरूच होत नव्हता, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सुरू होण्याचा क्रम बदलावा लागला. साधारण सव्वा तास लागला आणि इमेज १८८ जीबी झाली. पडताळणीही करून घेतली. आता नवीन एसएसडी घ्यावी म्हणतो. दुकानदार ९६० जीबीची स्वस्तात देतो आहे, ती चालेल का? वापर तर ३१० जीबीच आहे.

पेंग्विनप्रेमी

नको! क्लोनझिलाला रिस्टोअर करताना नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी लागते, वापर किती आहे हे ते पाहत नाही. १ टीबीच्या हार्ड डिस्कपुढे ९६० जीबी थोडक्यासाठी कमी पडते. डिस्क आक्रसून उतरवण्याची युक्ती आहे, पण त्यासाठी आधी मूळ डिस्कवरील भाग लहान करावे लागतील आणि तुमच्या आजारी डिस्कवर तो प्रयोग करू नये. पूर्ण १ टीबीची घ्यावी.

घोस्टवाला काका

आणि रिस्टोअर झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही डिस्कवर एकच सही, म्हणजे विंडोज डिस्क ओळखते तो क्रमांक, असते, ती जुळली की विंडोज एका डिस्कला ऑफलाइन करते किंवा जुनीवरूनच सुरू होते आणि आपण मात्र नवीवर काम करतो आहोत अशा समजात राहतो.

कळफलक

जुन्या सॉफ्टवेअरच्या परवान्याबाबतही सावध राहावे. काही सॉफ्टवेअर ड्राइव्हचा व्हॉल्यूम क्रमांक तपासतात, तो इमेजमधून जसाच्या तसा येतो. काही मात्र डिस्कचा कारखान्यातील अनुक्रमांक वाचतात आणि तो कोणतेही सॉफ्टवेअर सोबत आणू शकत नाही. आपले फाँट पॅकेज कोणत्या प्रकारातले आहे, हे नव्या डिस्कवर उघडल्यावरच समजेल. तोवर जुनी डिस्क पुसू नका.

अक्षरजुळारी (१६ नोव्हेंबर)

आठवडाभराने लिहितो आहे, कारण मध्ये लग्नसराईचे काम आले होते. १ टीबीची एसएसडी बसवली, जुनी डिस्क काढून ठेवली आणि इमेज उतरवली. संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. पेजमेकर उघडला, फाँट पॅकेजही काही न विचारता उघडले. २०१२ सालच्या एका स्मरणिकेची फाइल उघडून मी तिचे पहिले पान छापून पाहिले. जोडाक्षरे सर्व जागच्या जागी आहेत. रफार हलला की काय अशी भीती होती, तोही हललेला नाही.

परंतु कळफलक यांचे म्हणणे दुसरीकडे खरे ठरले. बिले करण्याचा माझा जुना छोटा प्रोग्राम नव्या डिस्कवर नोंदणी क्रमांक मागतो आहे आणि तो लिहून देणाऱ्या गृहस्थांनी हा व्यवसाय केव्हाच सोडला आहे. जुनी डिस्क अजून चालते आहे, म्हणून ती एका संध्याकाळपुरती पुन्हा जोडली आणि २०१६ पासूनची सर्व बिले पीडीएफ करून घेतली. हे डिस्क मेल्यानंतर कळले असते तर ७२ महिन्यांच्या नोंदींचे मी काय केले असते, हे ताळेबंद यांनाच विचारावे लागले असते.

आता नव्या डिस्कवर सर्व्हरवाला यांच्या सल्ल्याप्रमाणे व्हीमची मोफत आवृत्ती बसवली आहे. दर शनिवारी दुपारी बाहेरची डिस्क जोडतो आणि काम संपले की काढून ठेवतो. व्हीमचा वेगळा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू होतो आणि दोन्ही डिस्क दिसतात, एवढे पाहिले आहे. क्लोनझिलाच्या इमेजची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन मिरजेला मेव्हण्याकडे ठेवली आहे. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपली, हे मला ठाऊक आहे आणि माझा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून या यंत्राचे इंटरनेट काढून टाकले आहे. ईमेलसाठी मुलीचा लॅपटॉप वापरतो.

सर्व्हरवाला

उत्तम. व्हीमची इमेज मात्र अद्याप उतरवून पाहिलेली नाही, हे विसरू नका. डिस्क दिसणे आणि रिस्टोअर होणे यांत अंतर आहे. कामाच्या मंदीत एखादी जुनी डिस्क मिळाली तर करून पाहावे.

अक्षरजुळारी

फेब्रुवारीत करतो, तोवर पत्रिकांची घाई आहे.

ताळेबंद

मेव्हण्यांच्या घरी भाचे किती आहेत?

अक्षरजुळारी

दोन. आजच फोन करतो.